अंगणातल्या कोंबड्या : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, देवळालीच्या बाजूला अजून घराला मागचं अंगण आहे. तिथे चार-सहा कोंबड्या हौसेने पाळणाऱ्यांकडून आणि पाळू बघणाऱ्यांकडून आम्हाला वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नाव ठेवून, जीव लावून सांभाळलेल्या कोंबड्यांसाठी हे सगळं आहे. शेडमधल्या ब्रॉयलरचा हिशेब वेगळा असतो, त्यात आम्ही शिरत नाही.

सुरुवात किती कोंबड्यांपासून करावी?

निदान तीन. एक कोंबडी कधीच पाळू नका. हा कळपाचा जीव आहे, एकटी राहिली की खाणं-पिणं कमी करते आणि दिवसभर ओरडत फिरते. दोन ठेवल्या आणि त्यातली एक गेली तरी उरलेली एकटीच पडते. पहिल्या वर्षी चार-पाचच्या वर जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाचांचे चेहरे, चाली, सवयी लक्षात राहतात. वीस झाल्या की सगळ्या नुसत्या 'कोंबड्या' होतात आणि आजारी कोण ते उशिरा कळतं.

अंड्यासाठी कोंबडा लागतोच का?

नाही. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पिल्लं हवी असतील तरच कोंबडा ठेवा. तो पहाटे चारपासून आरवणार, आणि दिवसाही आरवणार, हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. रो-हाऊसच्या ओळीत भिंतीला भिंत असेल तर कोंबडा नकोच.

सोसायटीची किंवा महापालिकेची परवानगी लागते का?

सोसायटीत राहत असाल तर होकार लेखी घ्या, तोंडी नको. स्वतःचा बंगला असला तरी महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात जाऊन आधी विचारून या. नाशिकमध्ये पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड असे सहा विभाग आहेत. तक्रारी बहुतेक वेळा आवाज, वास आणि उंदीर या तीन गोष्टींवरून होतात. त्या तिन्ही हातात ठेवल्या आणि अधूनमधून चार अंडी शेजारी दिली, तर प्रश्न सहसा कागदापर्यंत जात नाही.

कोणती जात घ्यावी? पिल्लं आणावीत की मोठ्या कोंबड्या?

नवख्या माणसाने तलंगा घ्याव्यात, म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या, पिसं पूर्ण फुटलेल्या, लसी झालेल्या. एक दिवसाची पिल्लं गोंडस दिसतात, पण त्यांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते आणि मग दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवत न्यावी लागते. बल्बखाली सगळी पिल्लं गोळा होऊन चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी टाकून बसली असतील तर ऊब जास्त आहे. पसरून, निवांत झोपली असतील तर बरोबर आहे. रात्री दोनदा उठून हे बघायची तयारी असेल तरच पिल्लं आणा.

जातीचं म्हणाल, तर अंगणासाठी गावरान सगळ्यात चिवट. घार दिसली की आधी लपते, पावसातही तग धरते. अंडी मात्र कमी देते आणि पटकन खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया या परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या, गिरिराज बंगळुरूची. अंडी जास्त हवीत तर ग्रामप्रिया, अंगाने भरलेली आणि शांत हवी तर गिरिराज. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. दिसतो देखणा, पण बुजरा असतो आणि भिंतीवरून सहज उडून जातो. लहान मुलांनी हातात घ्यावी अशी कोंबडी हवी असेल तर तो नको.

कोंबड्या कुठे मिळतात त्याचा पत्ता काढायचा तर पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी थेट आपल्या कळपात सोडू नका, निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आजार बहुतेकदा नव्या पाहुण्याबरोबरच घरात शिरतो.

खुराडं कसं असावं?

आत प्रत्येकीला निदान तीन-चार चौरस फूट, आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट. झोपायला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आडवी काठी हवी, प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा मिळेल एवढी लांब. काठी चपट्या पाठीची असली की पाय आखडत नाहीत. चार-पाच कोंबड्यांना अंडी घालायला एक खोकं पुरतं. साधारण फूटभर लांब, रुंद, उंच, थोडं अंधारं आणि काठीपेक्षा खाली. खोकं काठीपेक्षा वर लावलं तर त्या त्यातच झोपतात आणि रोज सकाळी ते घाणीने भरलेलं मिळतं.

खाली तीन-चार इंच भाताचं तूस टाका. इगतपुरी-घोटीकडे भाताच्या गिरणीवर ते मिळतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण अगदी बारीक धुळीसारखा नको. आठवड्यातून एकदा तूस खालीवर करा, ओलं झालेलं काढून टाका. वरच्या बाजूला हवा खेळायला जागा हवीच. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साठला आहे, आणि रात्रभर तो वास कोंबड्यांनी घेतला आहे.

जाळी हा खर्च वाचवायचा भाग नव्हे. मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर येत नाही, पण मुंगूस सहज आत जातं आणि एका रात्रीत सगळ्या मारून ठेवतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरा, ती जमिनीत फूटभर गाडा. दाराला खिट्टी नको, कडी-कोयंडा हवा.

रोजचं काम किती असतं?

सकाळी पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. पण रोज. ताप असो, पाहुणे असोत, लग्न असो.

यातलं दाणापाणी हे सोपं काम. खरं काम बघण्याचं आहे, आणि आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली तर कळपातल्याच बाकीच्या तिला टोचतात आणि शिकाऱ्याची नजरही तिच्यावरच जाते, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखी वावरते. कोपऱ्यात पिसं फुलवून डोळे मिटून बसलेली दिसली, तर बहुतेक वेळा आजार दोन-तीन दिवस जुना असतो.

म्हणून सकाळी दार उघडलं की लगेच दाणे टाकू नका. आधी उभे राहा आणि कोण कशी बाहेर पडते ते बघा. आमच्याकडची तांबडी नेहमी सगळ्यांच्या आधी उडी मारून शेवग्याखाली धावते. ती तिसरी-चौथी बाहेर आली तर त्या दिवशी तिला उचलून तपासायचं, हा घरचा नियम आहे. तुरा लाल आहे का, फिका आहे का, टोकाला काळसर आहे का. डोळे कोरडे आहेत का. छातीजवळची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. ती भरलेली, फुगलेली लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर अन्न पुढे सरकत नाही. छातीचं हाड हाताला धारदार लागत असेल तर वजन उतरलं आहे, पिसांमुळे ते नुसतं बघून कळत नाही. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत.

विष्ठाही बघायची. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली, ही नेहमीची. दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, फार घाण वासाचीही येते. तीही नेहमीचीच, घाबरू नका. हिरवीगार पातळ किंवा रक्त असलेली दिसली तर मात्र थांबू नका.

खायला काय द्यावं? घरातलं उरलेलं चालतं का?

अंडी देणाऱ्या कोंबडीचं मुख्य खाणं लेअर फीड असावं, एका कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम. त्यात १६-१८ टक्के प्रथिनं आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम असतं. नुसत्या बाजरी-मक्यावर कोंबडी जाडी होते, पण अंड्यावर टिकत नाही. हेच लेअर फीड लहान पिल्लांना मात्र देऊ नका, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाते. कोंबडीला दात नसल्यामुळे दाणे दळायला बारीक खडेही लागतात. मोकळ्या अंगणात ते तिचे तीच शोधते.

वरचं खाणं संध्याकाळी आणि बेताने. मेथीच्या, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा पाला, लसूणघास, कलिंगडाच्या साली, उरलेली भाकरी, शिजवलेला भात, सगळं आवडीने खातात. अझोल्याचं, म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या हिरव्या चाऱ्याचं, छोटं टाकं केलंत तर उत्तमच. दसऱ्यानंतर तोरणांतल्या झेंडूच्या पाकळ्या दिल्या तर बलक छान केशरी होतो. पण बाजारच्या फुलांवर फवारणी असते, म्हणून घरच्याच कुंडीतल्या द्या.

देऊ नका अशा गोष्टी: खारट पदार्थ, चॉकलेट, अव्होकाडो, बटाट्याच्या हिरव्या साली, कच्ची कडधान्यं, आणि बुरशी आलेलं काहीही. बुरशीच्या मक्यातलं किंवा शेंगदाणा पेंडीतलं विष यकृतावर जातं आणि त्यावर उतारा नाही. कांदा आपल्याकडे चाळीचाळींनी असतो, म्हणून मुद्दाम सांगतो: भाजीतला एखादा तुकडा खाल्ला तर काही होत नाही, पण सडका कांदा आणि पातीचे ढीग त्यांच्यापुढे टाकू नका. जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. थर्माकोलचा तुकडा दिसला तर लगेच उचला, कोंबड्या तो अधाशासारख्या खातात.

शेजारी द्राक्षबाग आहे. कोंबड्या बागेत जाऊ द्याव्यात का?

जाऊ देऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी-भुरी या बुरशीरोगांच्या भीतीने फवारण्या लागोपाठ चालतात, आणि कोंबडी जमिनीवर पडलेलं पान, किडा, मणी असं सगळं उचलते. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीतल्या मोरचुदाचं पाणी वेलींखाली साचलेलं असतं, तेही ती पिते. बागाईतदाराशी बोलून फवारणीचा दिवस विचारून ठेवा. वाऱ्याची दिशा आपल्याकडे असेल तर त्या दिवशी कोंबड्या आतच, आणि पाण्याची भांडी झाकलेली. घरच्या खाण्यातली धुतलेली चार द्राक्षं फोडून दिली तर हरकत नाही.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला की खरी कसोटी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. इतपत ठीक. पण तुरा जांभळट झाला, मान टाकली, उभं राहवेना, तर तो उष्माघात. लगेच सावलीत न्या, पाय आणि पंखांखालची जागा साध्या पाण्याने ओली करा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा आणि दुपारी बदला. एरवी पाव लिटर पिणारी कोंबडी आता दुप्पट पिते. पत्र्यावर पाचट किंवा ओलं गोणपाट टाका. दाणे सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या, पचनाचीही उष्णता असते. दुपारी त्यांना पकडणं, हलवणं टाळा.

आणि पावसाळा, थंडी?

पाऊस जास्त त्रासाचा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि पिल्लं पटापट जातात. तूस कोरडं ठेवणं हाच त्यावरचा पहिला इलाज. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडून खाली ओल होणार नाही. डबकी बुजवा, कारण कोंबड्यांचा देवीचा रोग डासांमुळे पसरतो. धुळीत लोळायची कोरडी जागा पावसाळ्यातही हवी. एका टपात माती, वाळू आणि चुलीतली थंड राख मिसळून छपराखाली ठेवा. लोळणं म्हणजेच त्यांची अंघोळ, उवा-पिसवा त्यानेच आटोक्यात राहतात.

थंडीला लोक उगाच घाबरतात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला तरी मोठी कोंबडी पिसं फुलवून निभावते. तिला कोरडी जागा हवी आणि झोपण्याच्या काठीवर थेट वारा नको, म्हणून वाऱ्याच्या बाजूला बारदान लावा, वरचा झरोका मात्र उघडा ठेवा. बंद खुराड्यात शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नका. त्या धुराने आतला जीव झोपेतच जातो.

संक्रांतीच्या दिवसांत अंगणातला मांजा रोज वेचा. येवल्यात तर पतंग तीन दिवस चालतात. दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला की आत रुतत जातो आणि रक्त थांबून बोट काळं पडतं. दर आठवड्याला पाय उचलून बघितले तर वेळेत कात्रीने काढता येतो.

लसी कोणत्या? चारच कोंबड्यांसाठी लस कशी मिळवायची?

राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा मुख्य शत्रू. मान वळते, हिरवी हगवण लागते, श्वास घरघरतो, आणि त्यावर औषध नाही. राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो या पिल्लांच्या साथीच्या रोगाची दोन आठवड्यांच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, देवीची सहा ते आठ आठवड्यांत, आणि राणीखेतची आर-टू-बी आठ ते दहा आठवड्यांत, असा सर्वसाधारण क्रम असतो. तुमच्या पशुवैद्यकांनी वेगळा सांगितला तर तोच पाळा.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि विरघळवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूच्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. बाटली दुकानापासून घरापर्यंत बर्फात आणा. पाण्यातून देणार असाल तर नळाचं ताजं पाणी वापरू नका, क्लोरीनमुळे लस मरते.

आजारी वाटली तर कुठे जायचं?

आधी तिला वेगळी करा, उबेला ठेवा, पाणी पुढे ठेवा. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, किंवा १९६२ हा पशुसेवेचा टोल-फ्री क्रमांक. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात कोंबडी बघतीलच असं नाही, तेव्हा आजारी पडण्याआधीच कोण बघतं ते विचारून ठेवा. माणसांची उरलेली अँटिबायोटिक गोळी कुस्करून पाजू नका. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

शेपूट खाली घालून, ताठ उभी राहून जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, अंधाऱ्या जागी ठेवा. तासा-दोन तासांत सुटली नाही तर डॉक्टर. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर कोंबडी वाचणं कठीण.

बर्ड फ्लूची भीती कितपत बाळगावी?

भारतात तो पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. त्यामुळे उत्तर महाराष्ट्रात ही भीती ऐकीव नाही. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले, किंवा अंगणात कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. लपवू नका. एरवी दाणापाणी रानपक्ष्यांपासून झाकून ठेवा आणि खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवा. पूर्ण शिजवलेलं अंडं खायला भीती नाही.

अंडी अचानक बंद झाली. का?

बहुतेकदा कारण साधं असतं. दिवस लहान झाले (अंड्यावर राहायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो), पिसं गळायला लागली, ऊन वाढलं, ती खुडूक झाली, फटाक्यांनी दचकली, किंवा अंडी झुडपात घालते आहे. वर्षातून एकदा जुनी पिसं गळून नवी येतात. त्या दोन-तीन महिन्यांत ताकद पिसांकडे जाते, तेव्हा प्रथिनं वाढवा आणि हाताळणं कमी करा, नव्या कोंबांना हात लागला तरी दुखतं. कवच पातळ येत असेल तर शिंपले तपासा. कवचाच्या रंगाने पौष्टिकपणा बदलत नाही, तपकिरी अंड्याचं जास्तीचं कौतुक नको.

श्रावणात आपल्या अनेक घरांत अंडं बंद असतं, कोंबडीचं नसतं. न धुता, टोक खाली करून फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी चार-पाच आठवडे टिकतात. तरीही साठतील. अंगणवाडीच्या ताई किंवा ओळखीतली बाळंतीण आधीच बघून ठेवा.

खुडूक कोंबडीचं काय करायचं?

ती खोक्यात पसरून बसते, हात नेला की गुरगुरते, पोटाखालची पिसं उपटून टाकते. पिल्लं हवी असतील तर फलित अंडी द्या, देशी कोंबडी दहा-बारा सहज उबवते, एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात. नको असतील तर तीन-चार दिवस तिला जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन ठेवा. खालून वारा लागला की अंगातली ऊब उतरते. पाण्यात बुचकळणं, डोळ्यांवर पट्टी बांधणं हे जुने उपाय क्रूर आहेत, ते करू नका.

घरात लहान मुलं आहेत. चालेल?

जरूर. फक्त कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, तिचा पापा घ्यायचा नाही, आणि पाच वर्षांखालच्यांनी खुराडं साफ करायचं नाही. निरोगी कोंबडीच्याही विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

बिबट्याची भीती आहे का?

दारणाकाठच्या गावांत, देवळालीकडे, गंगापूरच्या मळ्यांत आहे. अंधार पडायच्या आत कोंबड्या आत, बाहेर दिवा, आणि खुराड्याजवळ खरकटं नाही, कारण खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६. शहरातल्या बाकी अंगणांत मुंगूस, मांजर, घूस, पिल्लांना घार-शिक्रा आणि अंड्यांना धामण, एवढ्यांचा बंदोबस्त पुरे. धामण बिनविषारी आहे, मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय?

नीट सांभाळलेली कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते, अंडी मात्र दोन-तीन वर्षांनी कमी होत जातात. म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य ती कमी अंड्यांवर काढणार. "आता कापणार कधी?" हे नातेवाईक विचारतातच. तुमचं उत्तर पहिल्या दिवशी घरात सगळ्यांनी बसून ठरवा, विशेषतः मुलांसमोर. आमच्याकडे त्या शेवटपर्यंत राहतात. म्हातारी कोंबडी घारीचा इशारा सगळ्यात आधी देते, नव्या तलंगांना जागा-वाट दाखवते, किडे वेचते, खत देते. एवढं तिच्या दाण्याला पुरेसं आहे असं आम्हाला वाटतं. हे पटत नसेल तर हौसेची कोंबडी घेऊ नका.

खत थेट झाडांना घालता येतं का?

ताजं नको, मुळं जळतात. तुसासकट ढीग लावून चार-सहा महिने कुजू द्या. गुलाबाला मग तोडच नाही.

आठ दिवस गावाला जायचं असेल तर?

ढीगभर दाणे टाकून कुलूप लावून जाऊ नका. सकाळी उघडणारं आणि अंधाराआधी बंद करणारं माणूस हवंच, अंडी त्याची. निघायच्या आधी त्याच्याकडून दोन दिवस तुमच्यासमोर सगळं करून घ्या. दाराच्या आत कागद चिकटवा: कोंबड्यांची संख्या, प्रत्येकीची खूण, दाण्याचं माप, डॉक्टरांचा नंबर. आणि त्याला सांगून ठेवा, संध्याकाळी मोजल्याशिवाय कडी लावायची नाही.